वांग्याला बंदी, कपाशीला चोरवाट

१० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातल्या अकोट तालुक्यात, अकोली जहांगीर या गावी हजाराहून अधिक शेतकरी जमले आणि त्यांनी सरकारने मना केलेले बियाणे सर्वांदेखत पेरले. हाक शेतकरी संघटनेची होती. बियाणे तणनाशक सोसणाऱ्या बीटी (अळीला मारणारे जिवाणूचे जनुक घातलेल्या) कपाशीचे, म्हणजे कागदावर ज्याला ‘एचटीबीटी’ आणि गावात ‘चोर बीटी’ म्हणतात त्याचे. पर्यावरण संरक्षण कायद्याखाली या कृत्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकत होता. याच विदर्भात, नागपूरला, २०१० च्या जानेवारीत बीटी वांग्यावर जाहीर सुनावणी झाली होती आणि देशभरातल्या अशा सात सुनावण्यांनंतर केंद्राने त्या वांग्याला बेमुदत स्थगिती दिली होती. जनुकीय बदल केलेल्या पिकांना ‘जनतेचा विरोध’ आहे, असे आपण सहज बोलून जातो. स्थगितीचे स्वागत करणारी जनता खरी, की तुरुंगाची जोखीम पत्करून तेच तंत्रज्ञान मागणारी? गेल्या सव्वीस-सत्तावीस वर्षांचा हिशेब मांडला तर दोघांची तक्रार एकाच दाराशी जाऊन पोचते असे माझे मत आहे. बियाणे आणि अन्न यांना ज्याने जामीन राहायचे ती सरकारी यंत्रणा भरवशाची नाही, ही ती तक्रार. एकाने त्या अविश्वासापोटी ‘नको’ म्हटले, दुसऱ्याने त्याच अविश्वासापोटी ‘तुमची परवानगीच नको’ म्हटले.

या अविश्वासाचे पहिले मोठे उदाहरण भारताबाहेरचे आहे, आणि ते मुद्दाम आठवावे असे आहे. १९९६ साली ब्रिटनमध्ये सेन्सबरी आणि सेफवे या दुकानमालिकांनी जनुकीय बदल केलेल्या टोमॅटोचा गर डब्यातून विकायला आणला. डब्यावर तसे स्पष्ट छापले होते. शेजारच्या साध्या डब्यापेक्षा तो स्वस्त होता आणि लोक तो खुशीने घेत होते. तीन वर्षांत तोच डबा फळीवरून नाहीसा झाला. मधल्या काळात टोमॅटोच्या जनुकात काही बदल झाला नव्हता. बदलली होती ती सरकारच्या शब्दाची किंमत. गाईगुरांच्या ‘मॅड काऊ’ रोगाबद्दल सरकार वर्षानुवर्षे निर्वाळा देत होते. १९९० मध्ये तर शेतीमंत्री जॉन गमर यांनी कॅमेऱ्यासमोर आपल्या लहान मुलीला गोमांसाचा बर्गर देऊ केला होता. १९९६ च्या मार्चमध्ये त्याच सरकारला कबूल करावे लागले, की हा रोग माणसातल्या जीवघेण्या आजाराशी जोडलेला असावा. मग १९९८ मध्ये अर्पाद पुस्ताय या शास्त्रज्ञाने दूरचित्रवाणीवर बटाट्याच्या आपल्या अपुऱ्या प्रयोगाबद्दल शंका बोलून दाखवली, त्यांना संस्थेने घरी बसवले, आणि लोकांनी निष्कर्ष काढला की पुन्हा काहीतरी दडपले जात आहे. पुस्ताय यांच्या प्रयोगात दोष होते, हे रॉयल सोसायटीने नंतर सांगितले. ते ऐकायला तेव्हा कोणी उरले नव्हते. एकदा खोटा जामीन राहिलेल्याची सही पुढच्या कागदावर कोणी घेत नाही.

भारतात हा वाद ताटापासून सुरू झाला नाही, बियाण्यापासून झाला. १९९८ च्या मार्चमध्ये अमेरिकेत ‘डेल्टा अँड पाइन लँड’ ही कंपनी आणि तिथले शेतीखाते यांना एका तंत्राचे पेटंट मिळाले. पिकाचे बी पुढच्या हंगामात उगवू नये अशी ती योजना होती. ‘टर्मिनेटर’ हे तिला विरोधकांनी दिलेले नाव जगभर झाले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात प्रा. नंजुंडस्वामी यांच्या कर्नाटक राज्य रयत संघाने रायचूर भागातले बीटी कपाशीचे चाचणी-प्लॉट उपटून जाळले. त्या प्लॉटमध्ये टर्मिनेटर जनुक नव्हते. ते तंत्र बाजारात कधीच आले नाही, आणि अमेरिकन बियाणे कंपनी मोन्सॅन्टोने १९९९ मध्ये ते आणणार नसल्याचे जाहीरही केले. तेव्हा आंदोलनाचा तपशील चुकलेला होता. पण ज्याच्या शेताशेजारी हा प्रयोग चालला होता त्याला तिथे काय पेरले आहे हे कोणी सांगितले नव्हते, आणि अफवा पिकायला एवढे पुरे होते. बियाणे पुढे कोणाच्या हातात राहील, हा प्रश्न मात्र अफवेतला नव्हता. जालन्याच्या महिको कंपनीत मोन्सॅन्टोची भागीदारी होती, आणि २६ मार्च २००२ रोजी महिकोच्या तीन संकरित बीटी वाणांना जनुकीय पिकांची परवानगी ठरवणाऱ्या केंद्रीय समितीने मंजुरी दिली. गंमत अशी, की मंजुरीच्या आधीच, २००१ च्या पावसाळ्यात, गुजरातमध्ये ‘नवभारत १५१’ नावाचे वाण हजारो एकरांवर उभे होते. त्यात तेच बीटी जनुक विनापरवाना आलेले होते. बोंडअळीने शेजारची कपाशी खाल्ली आणि हे वाण वाचले, म्हणून ते उघडकीला आले. केंद्राने पीक नष्ट करण्याचा आदेश दिला. शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. आदेश कागदावर राहिला. भारतात जनुकीय पिकाचा प्रवेश चोरवाटेने झाला आणि राजमार्ग नंतर आखला गेला, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढचे पुष्कळसे उलगडते.

आता विरोधाच्या सर्वांत ऐकू येणाऱ्या मुद्द्याकडे, म्हणजे आरोग्याकडे, येऊ. इथे आडपडदा न ठेवता सांगायला हवे, की विरोधकांची बाजू सगळ्यांत लंगडी इथेच आहे. २०१२ मध्ये जील-एरिक सेरालिनी यांच्या प्रयोगातील गाठी आलेल्या उंदरांची छायाचित्रे जगभर फिरली; तो निबंध त्या नियतकालिकाने पुढच्या वर्षी मागे घेतला, कारण उंदरांची संख्या आणि जात पाहता त्यातून काही ठरवणे शक्य नव्हते. तेलंगणातल्या वारंगळ भागात २००६ च्या सुमारास कपाशीच्या शेतात चरून मेंढ्या मेल्याचे प्रकरण गाजले. तो दोष बीटी प्रथिनावर सिद्ध झाला नाही. हे प्रथिन अळीच्या अल्कधर्मी आतड्यात काम करते, तिथे त्याला धरून ठेवणारे रेणू असतात. माणसाच्या पोटात ते इतर प्रथिनांसारखे पचून जाते. ज्या जिवाणूतून हे जनुक घेतले त्याची फवारणी सेंद्रिय शेतीवाले कित्येक दशके करत आले आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१६ मध्ये शेकडो अभ्यास तपासून सांगितले, की बाजारातले जनुकीय अन्न साध्या अन्नापेक्षा अधिक धोक्याचे असल्याचा पुरावा नाही. आणि आपल्यापुरता आणखी जवळचा पुरावा स्वयंपाकघरात आहे. देशातली नव्वद टक्क्यांहून अधिक कपाशी बीटी आहे. तिच्या सरकीचे तेल फरसाणाच्या कढईत पडते, पेंड गाईम्हशींच्या गव्हाणीत जाते आणि त्यांचे दूध आपण पितो. अर्जेंटिना-ब्राझीलहून येणारे सोयातेल बहुतांशी जनुकीय सोयाबीनचेच असते. २०२१ मध्ये कोंबड्यांच्या खाद्यासाठी बारा लाख टन जनुकीय सोयापेंड आयात करायला केंद्राने परवानगी दिली. तेव्हा ‘भारतात जनुकीय अन्न नाही’ हे वाक्य सरकारही बोलते आणि विरोधकही, आणि दोघेही डोळ्यांवर हात ठेवून बोलतात.

यावर दोन उत्तरे येतात. पहिले विरोधकांचे: पिढ्यान्‌पिढ्यांचा परिणाम अजून कोणी तपासलेला नाही. तेल हे प्रथिन नव्हे, त्यामुळे सरकीच्या तेलाचा दाखला वांग्याला जसाच्या तसा लागू होत नाही, हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे. वांगे आपण सालासकट खातो. प्रत्येक नवे पीक वेगळे तपासा, ही मागणी म्हणून रास्तच ठरते. पण ‘कायमचे निर्धोक आहे हे सिद्ध करा’ ही अट कोणत्याही अन्नाला पुरी करता येणार नाही, अगदी संकरित ज्वारीलाही नाही. दुसरे उत्तर समर्थकांचे: लोक अडाणी आहेत म्हणून घाबरतात, त्यांना विज्ञान शिकवा. २०१९ मध्ये अमेरिका, फ्रान्स आणि जर्मनीतल्या लोकांवर केलेला एक अभ्यास त्यासाठी पुढे केला जातो. जनुकीय अन्नाला कडवा विरोध असणाऱ्यांना स्वतःच्या ज्ञानाबद्दल खात्री जास्त आणि प्रत्यक्ष ज्ञान कमी, असे त्यात आढळले. अभ्यास चांगला आहे, पण तो आपल्या प्रश्नाला पुरत नाही. यवतमाळच्या कोरडवाहू शेतकऱ्याला डीएनए म्हणजे काय ते सांगता आले नाही, म्हणून त्याने बियाण्याच्या पाकिटाबद्दल केलेली तक्रार खोटी होत नाही. ही तक्रार काय आहे ते पाहू, कारण साऱ्या वादाचा गाभा माझ्या मते कपाशीतच आहे.

बीटी कपाशी आली तेव्हा शेतकऱ्याचा शत्रू हिरवी म्हणजे अमेरिकन बोंडअळी होता. एका हंगामात दहा-पंधरा फवारण्या करूनही ती मरत नव्हती. १९९८ च्या आसपास वारंगळमध्ये कपाशीच्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी देश हादरला, तो बीटीच्या आधीचा काळ. म्हणून ‘बीटीमुळे आत्महत्या सुरू झाल्या’ हे विधान तारखांच्या कसोटीला उतरत नाही. बीटीने हिरवी अळी खरोखर रोखली. २००२-०३ मध्ये १३६ लाख गाठी असलेले देशाचे उत्पादन २०१३-१४ मध्ये चारशे लाखांच्या जवळ गेले. काथागे आणि काइम या अभ्यासकांनी २०१२ मध्ये दाखवले, की बीटी घेणाऱ्या घरांचे एकरी उत्पादन सुमारे २४ टक्क्यांनी आणि नफा ५० टक्क्यांनी वाढला. याच्या उलट बाजूला नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक के. आर. क्रांथी आणि मानववंशशास्त्रज्ञ ग्लेन स्टोन यांनी २०२० मध्ये वीस वर्षांची आकडेवारी मांडली. त्यांचे म्हणणे, उत्पादनातली मोठी उडी खते, ओलित आणि नवी कीटकनाशके यांच्याशी अधिक जुळते, आणि आता शेतकरी कीटकनाशकांवर बीटीपूर्व काळापेक्षा जास्त खर्च करतो. दोन्ही अभ्यास मी परस्परांना खोडणारे मानत नाही. पहिला सुरुवातीच्या वर्षांचा आहे, दुसऱ्याने पुढची वर्षेही धरली आहेत. आणि पुढे जे घडले ते शेंदरी बोंडअळीमुळे घडले.

ही गुलाबी किंवा शेंदरी अळी समजून घेण्यासारखी आहे. ती जवळजवळ फक्त कपाशीवर जगते आणि हंगामाच्या उत्तरार्धात येते. फुलात शिरली की पाकळ्या एकमेकींत गुंतून फूल उमलतच नाही. अशा फुलाला शेतकरी डोमकळी म्हणतो आणि डोमकळी दिसली की त्याच्या पोटात गोळा येतो. बोंडात शिरल्यावर बाहेरून छिद्रही दिसत नाही, फवारणी तिच्यापर्यंत पोचत नाही. बोंड फुटते तेव्हा आत कवडी कापूस आणि पोखरलेली सरकी. अशा किडीत प्रतिकारशक्ती येऊ नये म्हणून मंजुरीच्या वेळीच अट घातली होती: बीटीच्या कडेने पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राच्या वीस टक्के, यांपैकी जे जास्त असेल तेवढी बिगरबीटी कपाशी लावायची, म्हणजे तिथे वाढलेले साधे पतंग प्रतिकारक पतंगांशी जोड करतील आणि प्रतिकार पातळ होत राहील. त्यासाठी ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमची बिगरबीटी सरकीची पुडी दिली जायची. ती पुडी कित्येक शेतांत बांधावर पडली, नाहीतर खाडे भरायला वापरली गेली. तीन एकरवाला शेतकरी अळीला चारण्यासाठी पाचवा हिस्सा सोडेल, ही अपेक्षाच मुळात कागदी होती. त्यात भर आपल्या देशाच्या वेगळेपणाची. जगात बहुतेक ठिकाणी बीटी कपाशी सरळ वाणांत आहे. भारतात ती संकरित वाणांत आली, कारण संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते. संकरित झाड लांब मुदतीचे, आणि त्यावर पाणी असले की फरदड, म्हणजे वेचणीनंतर तेच झाड राखून पुन्हा बोंडे, घेण्याचा मोह. म्हणजे उशिरा येणाऱ्या अळीला फेब्रुवारी-मार्चपर्यंत पंगत. शिवाय संकरित झाडाच्या बोंडातल्या सगळ्या सरक्यांत बीटीचे विष सारखे उतरत नाही. अळीला मरण्याऐवजी सरावण्याची संधी मिळते. गुजरातच्या चार जिल्ह्यांत शेंदरी अळी पहिल्या पिढीच्या बीटीला दाद देत नाही, हे मोन्सॅन्टोने २०१० मध्ये मान्य केले. उपाय म्हणून पुढे केलेली दोन जनुकांची दुसरी पिढी २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात आडवी झाली. त्याच पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात डोक्याइतक्या उंच पऱ्हाटीत फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारणी कमी करण्याचे वचन देऊन आलेल्या पिकात हे झाले.

समर्थक इथे म्हणतात, हा व्यवस्थापनाचा दोष आहे, तंत्रज्ञानाला का बोल लावता? जनुक स्वतः गुन्हेगार नाही, हे मला मान्य. पण शेतकऱ्याच्या हाती जनुक येत नाही, पाकीट येते. त्या पाकिटात वाण संकरित की सरळ, मुदत किती दिवसांची, पुडीत काय, किंमत किती, हे सगळे कोणीतरी आधी ठरवलेले असते. सुरुवातीला सोळाशे-अठराशे रुपयांच्या पाकिटात सुमारे साडेबाराशे रुपये जनुकाचा मोबदला म्हणून घेतले जात होते, आणि तेही पहिल्या जनुकाचे पेटंट भारतात नसताना. आंध्र प्रदेश सरकारने २००६ मध्ये मक्तेदारीविरोधी आयोगाकडे धाव घेतली तेव्हा पाकीट साडेसातशेवर आले. ज्या समितीने पाच ओळींची अट घातली तिने ती पाळली जाते का, हे पाहायला माणूस ठेवला नाही. उलट दहा वर्षांत हजारावर बीटी संकरित वाणांना मंजुरी देऊन कृषी सेवा केंद्राच्या फळीवर असा गोंधळ उडवला, की शेतकऱ्याला नावावरून वाण ओळखता येईना. आणि पर्याय द्यायला निघालेले सरकारी संशोधन? नागपूरची संस्था आणि धारवाडचे कृषी विद्यापीठ यांनी ‘बिकानेरी नरमा बीटी’ हे सरळ वाण काढले, ज्याचे बी शेतकऱ्याला घरी राखता आले असते. २००९ च्या एकाच हंगामानंतर ते मागे घ्यावे लागले, कारण त्यात मोन्सॅन्टोचेच जनुक सापडले. चौकशीसाठी नेमलेल्या सोपोरी समितीने २०१२ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. या प्रकरणाची जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी महाराष्ट्रात झाली नाही. परकी कंपनीची पकड सैल करण्याची खरी संधी विरोधकांच्या निदर्शनांनी गेली नाही, आपल्याच प्रयोगशाळेच्या ढिलाईने गेली.

ही पार्श्वभूमी ठेवून बीटी वांग्याकडे पाहिले तर जयराम रमेश यांचा निर्णय समजू शकतो. १४ ऑक्टोबर २००९ रोजी केंद्रीय समितीने वांग्याला हिरवा कंदील दाखवला, पर्यावरणमंत्री रमेश यांनी तो अडवून लोकांपुढे नेला, आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी स्थगिती जाहीर केली. वांग्याचे मूळ घर भारत आहे, इथे शेकडो देशी वाण आहेत. चाचण्या कंपनीच्याच पैशाने झाल्या. अनेक राज्य सरकारे विरोधात आहेत. आणि घाई करावी अशी टंचाई नाही, ही त्यांची कारणे होती. ती विचार करण्याजोगी होती, आणि एखाद्या मंत्र्याने शास्त्रीय प्रश्नावर शहरोशहरी जाऊन शिव्या-ओव्या ऐकून घेणे हे आपल्याकडे अपूर्वच होते. चूक पुढे झाली. स्वतंत्र चाचण्या करायच्या तर कोणी, किती मुदतीत, कोणत्या प्रयोगशाळेत, आणि निकाल काय आला तर स्थगिती उठेल, यातले काहीच ठरले नाही. त्याच वर्षी केंद्रीय समितीच्या नावातला ‘मंजुरी’ हा शब्द काढून ‘मूल्यांकन’ घातला गेला. नाव बदलले, मूल्यांकन करणारी प्रयोगशाळा काही उभी राहिली नाही. २०१२ मध्ये बासुदेव आचार्य यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने, यवतमाळच्या शेतकऱ्यांना भेटून, शेतातल्या चाचण्याही थांबवायला सांगितले. म्हणजे पुरावा नाही म्हणून परवानगी नाही, आणि परवानगी नाही म्हणून पुरावा नाही. शेजारच्या बांगलादेशाने तेच जनुक आपल्या सरकारी संस्थेच्या चार सरळ वाणांत घातले आणि २०१४ च्या जानेवारीत वीस शेतकऱ्यांना रोपे दिली. तिथला शेतकरी बी घरी राखू शकतो. शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीसाठी आपल्याकडे वांग्यावर आठवड्याला जेवढे विष फवारले जाते ते ज्याने पाहिले आहे, त्याने स्थगितीला निव्वळ विजय म्हणताना जरा थांबावे.

स्थगितीची किंमत कपाशीत दिसली. तणनाशक सोसणाऱ्या कपाशीसाठी महिको-मोन्सॅन्टोचा अर्ज केंद्राकडे होता. किमती आणि परवान्याच्या अटींवरून सरकारशी बिनसल्यावर २०१६ मध्ये कंपनीने तो मागे घेतला. राजमार्ग बंद झाला तोवर चोरवाट मात्र चांगली रुळली होती. या पिकाची मागणी का आहे हे कोणाही विदर्भातल्या माणसाला सांगावे लागत नाही. ऐन पावसाच्या उघडिपीत सगळ्यांचे निंदण एकदम येते, मजूर मिळत नाही, मिळाले तर मजुरी परवडत नाही. एका फवाऱ्यात तण जळाले तर शेतकरी त्याला भुलणारच. पण निंदणाची मजुरी ही भूमिहीन बायांच्या वर्षाच्या कमाईतला मोठा वाटा आहे, आणि या बायांना ना शेतकरी संघटनेच्या सत्याग्रहात कोणी विचारले, ना दिल्लीच्या विरोधी सभांत. चोरट्या पाकिटाला पावती नसते. बी उगवले नाही तर तक्रार कोणाकडे? त्यात बोंडअळी रोखणारे जनुक आहे की नाही याची हमी नाही, बिगरबीटीची पुडी असण्याचा प्रश्नच नाही. ग्लायफोसेट या तणनाशकाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकले. केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये ते फक्त परवानाधारक कीड-नियंत्रकांनीच वापरावे असा आदेश काढला. यवतमाळ जिल्ह्यातल्या बाभुळगावच्या किंवा झरी-जामणीच्या शेतात असा परवानाधारक बोलावणार कोण? शेतकरी बियाणे मागतात म्हणजे विरोध हा शहरी चोचला आहे, असा अर्थ काहीजण यातून काढतात. तो घाईचा आहे. मजुरी आणि भाव यांच्या कात्रीत सापडलेल्याने जे मागितले ते त्याच्या अडचणीचे माप आहे, त्या वस्तूच्या सुरक्षिततेचे प्रमाणपत्र नव्हे. मात्र विरोधकांनीही एवढे मानावे, की बंदीने पीक थांबले नाही. थांबली ती देखरेख.

कंपनीविरोध हेच विरोधाचे मूळ असते तर मोहरीला विरोध व्हायला नको होता. ‘डीएमएच-११’ ही मोहरी दिल्ली विद्यापीठात दीपक पेंटल यांच्या चमूने सरकारी पैशावर तयार केली. तरी तिलाही तेवढाच विरोध झाला, आणि त्याचे एक कारण अगदी साधे होते. २०१६ मध्ये सरकारने तिच्या सुरक्षिततेचा गोषवारा संकेतस्थळावर टाकला आणि लोकांकडून हरकती मागवल्या. चाचण्यांचा पूर्ण दस्तऐवज पाहायचा तर दिल्लीत मंत्रालयात जाऊन, तिथे बसून वाचायचा. केंद्रीय माहिती आयोगाने तो खुला करायला सांगितले होते, तरीही. हरकत घेणाऱ्याने काय वाचून हरकत घ्यावी? मोहरीत तणनाशक सोसणारे जनुक आहे, ते संकर घडवण्यापुरते वापरायचे आहे असे सरकार म्हणते. पण एकदा ते जनुक शेतात गेल्यावर शेतकऱ्याने फवारा मारू नये हे कोण बघणार, या शंकेला पाच ओळींच्या अटीचा सगळा इतिहास पाठिंबा देतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये मोहरी मोकळी झाली, आणि २३ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. नागरत्ना आणि न्या. संजय करोल यांनी त्या मंजुरीवर एकमेकांविरुद्ध निकाल दिले. दोघांचे एकमत एका गोष्टीवर झाले: केंद्राने सर्वांशी विचारविनिमय करून, शक्यतो चार महिन्यांत, राष्ट्रीय धोरण आखावे. दरम्यान मे २०२५ मध्ये जनुक-संपादित भाताची दोन वाणे जाहीर झाली. त्यांत परके जनुक नाही म्हणून २०२२ पासून अशा पिकांना जुन्या कडक नियमांतून सूट आहे. शास्त्रीयदृष्ट्या ही सूट समर्थनीय असू शकते. परंतु तपासाची कागदपत्रे लोकांपुढे ठेवण्यातूनही सूट, असा तिचा अर्थ झाला, तर कपाशीचा आणि मोहरीचा सारा वाद भाताच्या बांधावर नव्याने उभा राहील. आणि भात हे रोजचे ताट आहे.

म्हणून ज्यांना ही पिके हवीत त्यांनी आणि ज्यांना नकोत त्यांनीही तूर्त एकच मागणी लावून धरावी. राष्ट्रीय धोरणाच्या मसुद्यात प्रत्येक पिकाचा पूर्ण दस्तऐवज संकेतस्थळावर आणि मराठीसह त्या त्या राज्याच्या भाषेत असावा. चाचणीचा खर्च कंपनीकडून घेऊन चाचणी मात्र स्वतंत्र सरकारी प्रयोगशाळेत व्हावी. मंजुरीच्या अटी कोण तपासणार त्या अधिकाऱ्याचे पद आणि जबाबदारी लिहिलेली असावी. सरळ वाणात जनुक उपलब्ध असल्याखेरीज संकरिताला परवानगी नसावी. आणि पीक फसले तर भरपाई कोणी द्यायची हे पाकिटावर छापलेले असावे. खाद्यतेलाच्या पिशवीवर ते जनुकीय पिकाचे आहे की नाही, हेही छापा. विकत घेणाऱ्याला ते वाचून घ्यायचे की ठेवायचे हे ठरवता येते. या मसुद्यावरच्या सुनावण्या दिल्लीच्या सभागृहात उरकू नयेत; एक यवतमाळला घ्यावी, पेरणीच्या आधी, मे महिन्यात, आणि तिथे शेतमालकाइतकाच वेळ निंदणाऱ्या मजूर बायांना द्यावा.